आपल्याला पाणी हवे असेल का?

घोटीच्या स्टँडवर एसटी सुटण्याच्या बेतात असताना वहिनींनी खिडकीतून तांदळाचे गाठोडे आत ढकलले आणि म्हणाल्या, "भाऊजी, तिकडं लागंल ते मागून घ्या. लाजू नका. तुमचा सोभावच मुखदुर्बळ." माझी आई लवकर गेली, थोरल्या भावाच्या या पत्नीनेच मला वाढवले. नववीला शाळा सुटलेला हा मुलगा नाशिकला जाऊन मोठा होईल, असे त्या काळी केवळ त्यांनाच वाटत होते.

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या सर्व मंडळींस पुढचे ठाऊक आहे. सातपूरच्या कारखान्यात माझे मन रमले नाही. कचेरीबाहेर टेबल टाकून मी अर्जनवीस झालो. 'तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन' हे शब्द माझ्या लेखणीतून उतरले की भल्याभल्यांची कामे मार्गी लागतात, असा माझा लौकिक आहे. विनंती कशी करावी, हे या शहराने माझ्याकडून शिकावे, अशी माझी समजूत होती.

कन्या अनघा फ्रान्सला असते. यंदा तिच्या बाळंतपणासाठी आमच्या सौभाग्यवती पुढे गेल्या. मागाहून मीही जाणार. "बाबा, तिथल्या दुकानात एखादं वाक्य तरी यायला हवं," म्हणून अनघा संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर माझी शिकवणी घेते. तेव्हा 'व्हूल्वार', म्हणजे हवे असणे, या क्रियापदाचा वर्तमान संकेतार्थ चालू होता. ज व्हुद्रे, त्यु व्हुद्रे, इल व्हुद्रे, नू व्हुद्रियाँ, व्हू व्हुद्रिए, इल व्हुद्रे. "मला हवंय" असे थेट म्हणणे तिकडे उद्धटपणाचे. "मला हवे होते", "आपल्याला हवे असेल का" असे अदबीने बोलायचे. मी म्हटले, ही भाषा एखाद्या अर्जनवीसानेच घडवली असणार.

"भाषा असेल हो," अनघा म्हणाली, "पण तुमचा उच्चार अजून घोटीचाच आहे."

त्याच दिवसांत वहिनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आल्या. थोरल्या दादांना शेत सोडवेना. वहिनींच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने अंधूक दिसे. "काही लागलं तर हाक मारा," असे बजावून मी त्यांना दिवाणावर बसवले आणि त्यांच्याकडे पाठ करून फोनसमोर बसलो.

त्या दिवशीचा पाठ पाहुणचाराचा होता. अनघा पाहुणी, मी यजमान. "व्हू व्हुद्रिए द लो?" आपल्याला पाणी हवे असेल का? उच्चार साधेना, म्हणून पुनःपुन्हा म्हटले. हात जोडून, मान लववून म्हटले. अनघा एकाएकी मराठीत बोलली.

"बाबा, थांबा. मागे बघा. मोठी आई काय शोधतेय?"

वहिनी भिंत चाचपत स्वयंपाकघराच्या दारापाशी पोहोचल्या होत्या. हातात रिकामा तांब्या.

"अहो वहिनी, हाक का नाही मारलीत?"

"तुम्ही कोना सायबाशी बोलत व्हते ना. एवढं लीन हून बोलताय म्हंजी मोठा मानूस असंल, म्हटलं. मधी कशाला तोंड घालायचं?"

"तहान केव्हाची लागली आहे?"

"लय नाय. जेवल्यापास्नं."

फोनमध्ये अनघाच्या मागे सौभाग्यवती येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्या बाजूला झाल्या. मी पाणी आणले. वहिनींनी तांब्या वर धरून सगळा रिकामा केला आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "तुमचं चालू द्या."

पट्टी निघाल्यावर मी त्यांना नाशिकच्या स्टँडवर बसवून दिले. खिडकीशी उभा राहून म्हणालो, "वहिनी, लागेल ते मागा. लाजू नका."

"तुमच्याकडं?" त्या हसल्या. "तुमच्या टेबलापुढं लय रांग असती, भाऊजी."

शेजारच्या बाईही हसल्या. मीही हसलो, परंतु माझे कान तापले होते. बस निघून गेल्यावरही मान वर करवेना.

शिकवणी पुढे सुरू आहे. त्या वाक्यापाशी आलो की माझी जीभ अडते; अनघा ते ओळखते आणि दुसरे क्रियापद घेते.

सातपूरच्या फ्लॅटवर माझ्या नावाची पितळी पाटी आहे. त्याला घर म्हणताना आता मी अडखळतो. घोटीच्या घरी गेलो की चपला काढून होण्याआधी वहिनी तांब्या आणून समोर ठेवतात. तिथे पाणी मागण्याचे वाक्य मला कोणत्याच भाषेत कधी लागले नाही.