न ऐकू येणारा अ

मुलगी मँचेस्टरला गणित आणि साहित्य यांच्या संबंधावर संशोधन करते. लंडनजवळ पिनरला आम्ही राहतो, तिथल्या ओळखीच्यांना हा विषय कधी उमगला नाही. "म्हणजे गोष्टीरूप गणितं का गं?" एका काकूंनी तिला विचारलं होतं. तिच्या आईला मात्र तो लगेच कळला. "ओव्या मी रचते, मोज तू," ती म्हणाली. प्रबंधासाठी नव्या ओव्या रचून ती फोनवर रेकॉर्ड करू लागली. फुप्फुसाचा आजार तेव्हा सुरू झालेला होता. हिवाळ्यात ती गेली.

काही आठवड्यांनी मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचा ओवी चुकलाय."

"आईची. चुकलीय. कुठे?"

तिने वाचून दाखवली:

ट्राम निघाली दुपारी,
लेक खिडकीशेजारी,
मी ग एकली माघारी,
वाट बघते.

"पहिल्या तीन लाइन्समध्ये आठ अक्षरं हवीत ना? सगळ्या कमी भरतायत, दुसरीत तर सहाच येतायत."

मी मोजली. ले, क, खि, ड, की, शे, जा, री. आठ.

"पण आई 'लेक् खिड्की' म्हणते. माझा प्रोग्रॅम ऑडिओ ऐकून मोजतो. 'क' आणि 'ड'मधला अ ऐकूच येत नाही."

तिचं म्हणणं खरं होतं. लिहिताना तो अ असतो, बोलताना आपण गाळतो, गाताना तो परत येतो. ती इथेच जन्मली, मराठी कानाने शिकली; हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"गाताना येतो, तर मग इथे का नाही?" तिने विचारलं.

आम्ही रेकॉर्डिंग क्रमाने ऐकली. सुरुवातीच्या ओव्या तिची आई गात होती. आठ अक्षरं पुरी भरत होती. पुढे ती नुसत्या म्हणू लागली. गायला दम पुरत नव्हता. अक्षरं तिथून कमी होत गेली होती.

मार्गदर्शक बाईंनी सुचवलं, लिहिल्याप्रमाणे मोज, सगळं जुळेल.

"म्हणजे आईला धाप लागलीच नाही असं धरायचं?" मुलगी मला म्हणाली.

"आणि ऐकल्याप्रमाणे मोजलंस, तर तिला ओवी जमत नव्हती असं दिसेल. तिची एकही ओवी चुकलेली नाही."

"माहितीये, बाबा. पण टेबलमध्ये एकच नंबर बसतो."

"तळटीप दे."

"आईला तळटीपमध्ये टाकू?"

तिने तेच रेकॉर्डिंग फोनवर पुन्हा लावलं.

प्रबंध मंजूर झाला. त्यात फक्त दुसऱ्या बायकांच्या ओव्या आहेत.