विमलताईंच्या बाकावरच्या बायका

लोककथा मिळवायची तर गावोगाव हिंडावे लागते, म्हाताऱ्यांची मनधरणी करावी लागते. तेव्हा कुठे एखादी हाती लागते. किस्स्यांचा स्वभाव उलटा. ते आपण होऊन शेजारी येतात आणि ‘सरका थोडं’ म्हणून बसतात! डोहाळ्यांची गाणी टिपण्यासाठी मी नागपुरात, महाल भागातल्या डॉक्टर विमलताईंच्या प्रसूतिगृहात जाऊ लागले, तेव्हा गाणी मिळाली मोजकी आणि किस्से मिळाले पोतंभर. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा येऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. त्या शस्त्रक्रियेला आमच्याकडे ‘सफाई’ म्हणत. विमलताईंच्या व्हरांड्यात एक लांब लाकडी बाक होता. त्या बाकावर बाळंतिणी, डोहाळकरणी आणि सफाईवाल्या शेजारी शेजारी बसत. किस्से जमायला आणखी काय लागते?

* * *

कायदा झाला म्हणून तोंड मोकळे होत नाही. सफाईची चौकशी करणारी बाई सहसा ‘दुसरीसाठी’ आलेली असे.

एकदा इतवारीतल्या एका घरच्या दोन जावा आल्या. थोरलीने विमलताईंना बाजूला घेतले आणि म्हणाली, “काम धाकटीचं आहे जी. मी नुसती सोबत आली.” ताईंनी धाकटीला आत बोलावले. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, “मी नाही जी! काम थोरलीचं आहे. मी सोबत आली.”

ताईंनी दोघींना तपासले. काम दोघींचेही होते!

थोरली थक्क झाली. “अवं, मंग मले काहून नाही सांगितलं?”

“तुमी तरी कुठं सांगितलं, बाई?”

दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोके ठेवून इतक्या हसल्या की बाकावरच्या अनोळखी बायकाही हसू लागल्या. मग थोरली एकदम गंभीर झाली. “हसून काय राहिली? घरी सासूले सांगू काय, कोण कोणाच्या सोबत गेलं होतं?”

* * *

एका हिवाळ्यात बाकावर एक जोडी वारंवार दिसू लागली. सून कमल आणि तिची सासू पार्वताबाई. कमलचा नवरा कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर होता. सारे कुटुंब तिथल्याच कॉलनीत राही. लहानपणच्या तापाने कमलच्या काळजाची झडप निकामी होत आली होती. दुसऱ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती, आणि आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते. विमलताईंनी स्पष्ट सांगितले, “हे बाळंतपण तिला झेपायचं नाही. सफाई करायला हवी, आणि तीही लवकर.”

पार्वताबाई तयार होईना. तिने ताईंनाच उलटे विचारले, “काळीज कमजोर म्हणता, मंग मले पाहून ही कधी घाबरत काहून नाही?”

कमल खाली मान घालून म्हणाली, “घाबरतो जी आत्याबाई. दाखवत नाही.”

पार्वताबाईलाही हसू आवरले नाही. पण होकार काही तिने दिला नाही. कायद्याने कमलची एकटीची संमती पुरेशी होती. विमलताईंनी तिला ते समजावले, तेव्हा ती म्हणाली, “मले जगायचं आहे, ताई. दोन लेकरं आहेत. पण आत्याबाईनं तोंड फिरवलं, तं मी जगून कोणाच्या घरी जाऊ?”

* * *

या कायद्यावर तेव्हा शहरात व्याख्याने झडत. एका महिला मंडळाच्या जाहीर सभेत विमलताई बोलणार होत्या. त्यांनी मुद्दाम पार्वताबाईला सोबत नेले. मीही होते.

ताईंचे बोलणे संपताच एक वकील उठले. “उद्या या बायका मौज म्हणून गर्भ पाडतील! मातृत्वाचं पावित्र्य राहणार कुठे?” असे ते पुष्कळ वेळ बोलले. पार्वताबाई सफाईच्या विरुद्ध आहे, हे कुणीतरी त्यांच्या कानी घातले असावे. तिच्याकडे हात करून ते म्हणाले, “विचारा या माउलीला!”

पार्वताबाई उठली. “तुह्ये बाळंतपणं किती झाले गा?”

सभागृहात हशा पिकला. वकील चाचरत म्हणाले, “माझी? म्हणजे... माझ्या पत्नीची चार.”

“मंग तिले पाठवजो. तिच्यासंगं बोलीन मी.”

परतताना रिक्षात विमलताई हळूच म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आता आमच्या बाजूच्या ना?”

“मी कोणाच्याच बाजूची नाही,” पार्वताबाई म्हणाली. “मी कमलच्या घरची आहे.”

* * *

दवाखान्यातली आया भागूबाई पूर्वी खेड्यात सुईणपण करी. कायद्याच्या आधी, नको असता दिवस गेलेल्या बाईचे काय होई, हे मी तिला एकदा विचारले. उत्तरात तिने आपल्या गावच्या विहिरीचे वर्णन सुरू केले.

“लय घसरते बाप्पा आमच्या गावची विहीर! सारं गाव तिथं पाणी भरते. पण पाय घसरते तो फक्त जवान विधवेचाच.”

त्या गावची ओवी मी पूर्वी टिपली होती. तिच्यात विहिरीला ‘माहेर’ म्हटले आहे. त्याचा अर्थ लावण्याचे माझे काम त्या दिवशी संपले.

* * *

एकदा कमलचा नवरा कामावरचे कपडे न बदलताच धावत आला. हाताला काळे तेल, खिशात पेन.

“सही कुठं करू, मॅडम?”

“तुमची सही लागत नाही,” विमलताई म्हणाल्या. “कमलची पुरे.”

तो गोंधळला. “मंग मी काय करू?”

“आईशी बोला.”

त्याने खिशातले पेन बाहेर काढले. “त्यापेक्षा सहीच घ्या ना जी!”

* * *

पार्वताबाईच्या नकाराचे कारण मला बाकावरच कळले. सुभद्रा ही तिची एकुलती एक लेक. पहिल्या बाळंतपणात सासरी तीन दिवस अडली. तिच्या सासूने दवाखान्यात नेऊ दिले नाही, आणि ती गेली. कमलला दिवस गेल्यापासून सुभद्रा आईच्या स्वप्नात येऊन दाराशी उभी राहू लागली होती.

“आत घे म्हणते मले,” पार्वताबाई म्हणाली. “तुमी गावोगावच्या गोष्टी जमा करता. गेलेलं माणूस येते ना परत, त्याच घरी?”

“पुष्कळ ठिकाणी तसं मानतात,” मी म्हणाले.

“मंग दार लावून घेतलं, तं ते रागावते का?”

मृतांच्या परत येण्याच्या कथा माझ्या संग्रहात भरपूर होत्या. मी त्या मनातल्या मनात धुंडाळल्या. “याचं उत्तर माझ्या एकाही गोष्टीत नाही, पार्वताबाई.”

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “मंग जमा कायले करता?”

* * *

अखेर कमलने सफाईचा दिवस स्वतःच ठरवून घेतला. सासूने होकार दिला नाही; नाहीही म्हटले नाही. भूल देणारे डॉक्टर मोठ्या दवाखान्यातून आले. कमल नवऱ्यासोबत बाकावर बसली होती आणि सारखी फाटकाकडे पाहत होती.

पार्वताबाई आली, ती हातात पिशवी घेऊन. ती सुनेला उठवून घरी नेणार, या समजुतीने भागूबाई बाकापुढे आडवी उभी राहिली.

पार्वताबाईने तिच्याकडे पाहिलेही नाही. तिने कमलचे तोंड पूर्वेकडे करवले. कुंकू लावले. पिशवीतून तांदूळ, नारळ, हळकुंड, हिरवे खण काढून तिची ओटी भरली. लेक सासरी निघाली की भरतात, अगदी तशी. शेवटी फडक्यात बांधलेली शिदोरी ठेवली.

भागूबाई कळवळून म्हणाली, “अवं, तिले काही खाऊ देऊ नोको! भूल द्यायची आहे.”

“कमलसाठी नाही हे.”

कमलच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तिने दोन्ही हातांनी ओटी धरून ठेवली होती. पार्वताबाई तिच्यापुढे खाली बसली, तिच्या पोटावर हात ठेवला आणि हलकेच म्हणाली,

“जाय वं सुभे. मोठं घर पाहजो, चांगली सासू पाहजो.”

मग उठून तिने कमलचे डोळे पदराने पुसले.

“अन् तू लवकर ये. लेकरं वाट पाहून राहिले.”