साप चावल्यावरचं पान

माझं डोकं लवकर तापतं, हे साकोलीत आमच्या गल्लीला माहीत आहे. पण त्या वर्षी धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, आधी जे तापलं, ते सर्व्हरमुळे. अन् शेवटी जिच्यावर तापायला पाहिजे होतं, ती मी स्वतःच निघाले.

आमची संस्था म्हणजे दोन खोल्या. जंगलाच्या कडेच्या गावांत तिथल्या आशाताईंच्या, म्हणजे आशा कार्यकर्त्यांच्या, हातून आरोग्याचं काम करायचं. कॉम्प्युटर कळणारी मी एकटी, म्हणजे बाकीच्यांपेक्षा थोडं जास्त कळणारी. दुसऱ्या आमच्या सिस्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी उभ्या नोकरीचं शहाणपण आमच्या विकीवर उतरवलं होतं. विकी म्हणजे आमचीच वेबसाइट, जिची पानं आम्ही बसल्या जागी दुरुस्त करू शकायचो. ताप, बाळंतपण, जुलाब, एकेका विषयाला एकेक पान.

त्यातलं एक पान, साप चावल्यावरचं, सिस्टरच्या जिवाचं होतं. आमच्याकडे साप चावला असं कोणी तोंडानं म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. दर हंगामात एखादी बाई पाय दोरीनं आवळलेला घेऊन दवाखान्यात यायची. विष राहिलं बाजूला, दोरीनंच पाय काळानिळा पडलेला. हे सिस्टरनं नोकरीभर पाहिलं होतं. पण जिथे हे सांगायची गरज, त्या नागझिऱ्याकडच्या गावांत रेंज नाही. तिथे विकी काय कामाचा?

“रोवण्याच्या आधी मले छापील पुस्तक पाहिजे,” त्या म्हणाल्या. “बाया चिखलात उतरल्या का पान लागनं सुरू होते. आशाताईच्या थैलीत पुस्तक पाहिजे.”

सिस्टर रोज काही ना काही बदलायच्या, म्हणून दर वेळी कॉपी करून चिकटवत बसण्यापेक्षा मी ठरवलं की विकीच्या पानांचं थेट पीडीएफ पुस्तक करणारं सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवायचं. हुशारी नडली, दुसरं काय.

आमचा सर्व्हर युनिक्सवाला. त्याला माऊस नाही, चित्र नाही. काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करायचा अन् तो काय म्हणतो ते ऐकायचं. हे सॉफ्टवेअर टाकायला गेले तर म्हणे आधी ते दुसरं आण. ते आणलं तर त्याला तिसरं पाहिजे. तिसरं आलं तर म्हणे ही आवृत्ती जुनी, नवी आण, अन् नवी आणली तर पहिलंच चालेना. तहसिलीत दाखला काढायला गेल्यासारखं. मग सगळं बसलं तर म्हणे परवानगी नाही. मशीन आमचं, पासवर्ड मी ठेवलेला, अन् मलाच परवानगी नाही. मी चिडून सगळं रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वेसर्वा खात्याच्या, अधिकारानं चालवलं, तर फायली रूटच्या मालकीच्या झाल्या अन् विकीला त्या उघडता येईनात. दोन दिवस त्यातच गेले.

एकदाचं पुस्तक निघालं. पानोपान नुसत्या चौकोनी डब्या. सर्व्हरला देवनागरी फॉन्टच दिसत नव्हता. फॉन्ट टाकला, त्याचा पत्ता कॉन्फिगरेशनच्या फायलीत लिहिला, तर अक्षरं आली पण मोडकी. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसलेली, जोडाक्षरांचे पाय तुटलेले. ‘विष’ हा शब्द मलाच वाचता येईना. मी कीबोर्डवर डोकं ठेवून रडले, अगदी हुंदके देऊन.

“काहून रडून राहिली तू?” सिस्टर म्हणाल्या. “नसन जमत तं सोड. मी हातानं लिहून झेरॉक्स करतो.”

तेव्हा सोडलं असतं तर बरं झालं असतं. पण मला त्याचा अपमान वाटला. मी त्यांच्यावरच ओरडले की तुमचं रोजचं बदलणं आधी बंद करा. त्या गुमान उठून गेल्या.

बदलायच्या त्या तरी काय? भाषा. मी लिहिलं होतं, ‘दोरी करकचून बांधू नये.’ त्यांनी ते खोडून लिहिलं, ‘दोरी करकचून बांधायची नाही.’ ‘नये’ पुस्तकातलं, म्हणाल्या, बाया बोलतात तसं पाहिजे. मला ते पटलं होतं, आजही पटतं.

अक्षरं जोडण्याची सोय एका ओळीनं बंद होती, ती चौथ्या दिवशी सापडली. ती चालू केली अन् अक्षरं ताठ उभी राहिली. त्या आनंदात शेवटचं काम उरलं, तक्त्यांचं; काय करायचं, काय नाही, ते सगळं तक्त्यांच्या खान्यांत होतं. थैलीत मावेल एवढं पुस्तक लहान केल्यामुळे तक्ते वेडेवाकडे फुगत होते, खालच्या पानावर सांडत होते. दुसऱ्या दिवशी आशाताईंची सभा. मी रचनेच्या फायलीत दोन ओळी टाकल्या. पहिली, प्रत्येक खान्याची उंची एका ओळीची ठेव. दुसरी, जे मावणार नाही ते लपव. तक्ते एकदम देखणे झाले.

सिस्टरनी पानं विकीवर, पडद्यावर वाचली होती. तिथे सगळं ठीक होतं. छापायचं पीडीएफ मी पाहिलं, पण चार दिवस मोडकी अक्षरं पाहून माझी नजर अक्षरांवरच. वेलांट्या तपासल्या, जोडाक्षरं तपासली. वाक्यं वाचली नाहीत.

सभेत पुस्तकं वाटली, बायांनी ती कपाळाला लावून थैलीत टाकली. सिस्टर माझ्याकडे पाहून हसल्या, मागचं भांडण विसरून.

तीन दिवसांनी जेवता जेवता मी पुस्तक सहज चाळलं. साप चावल्यावरचं पान. ‘रोग्याला धीर द्यायचा.’ ‘पाय हलू द्यायचा नाही.’ अन् त्याखाली, ‘चावलेल्या जागेच्या वर दोरी करकचून बांधायची.’ बस. वाक्य पूर्ण वाटत होतं, शंकाही येऊ नये इतकं पूर्ण. तेवढी एकच ओळ लांब होती. तिचा शेवटचा शब्द खालच्या ओळीवर उतरला होता, अन् खालची ओळ मी लपवायला सांगितली होती.

ताट तसंच सोडून उठले. एकोडीकडच्या अन् रस्त्यावरच्या गावांना फोन लावले, बायांना पेन घेऊन ‘नाही’ लिहायला लावलं. सिस्टर दुसऱ्या खोलीतून फोन करत होत्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रेंज नसलेल्या गावांना मी स्कूटी घेऊन निघाले. प्रत्येक घरी हात जोडून पुस्तक मागायचं, लिहायचं, पुढे जायचं.

शेवटच्या गावात आशाताईच्या घरी तिची सासू अंगणात बसली होती.

“ते भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली,” म्हातारी म्हणाली. “सकाळी धानाच्या बांधीत एका बाईले पान लागलं.”

“पाय बांधला काय?”

“मंग! पुस्तकात पाहून पक्का बांधला.”

तिथून भंडाऱ्यापर्यंत मी कशी पोहोचले ते मला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, विषाचं एकही लक्षण नाही, साप साधा असावा. पण सडकेपर्यंत ट्रॅक्टर, पुढे गाडी, यात दोर पाच तास तसाच राहिला. पुढे चार दिवसांनी बाईचं पाऊल काढावं लागलं. साप चावल्यामुळे नाही.

त्या दिवशी आशाताई दवाखान्याबाहेर बाकावर बसली होती, चिखलाचे पाय घेऊन. मी तिच्या शेजारी बसले अन् सगळं सांगितलं, कोणती ओळ, कोणता शब्द, कोणी लपवला. तिनं थैलीतून पुस्तक काढलं, ते पान उघडलं अन् त्या ओळीवर बोट ठेवलं.

“सिस्टरनं मागच्या साली सांगितलं होतं, बांधायची नाही म्हनून,” ती म्हणाली. “मले ध्यानात होतं, ताई. बांधताना हात अडला माह्या. मंग पुस्तक काढून पाहिलं. म्हनलं, छापलं हाय, तं आपलंच चुकून राहिलं असन.”

तिनं पुस्तक मिटलं. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, “म्हनजे माह्यं बरोबर होतं?”

हो म्हटलं. तुमचं बरोबर होतं.