रिकामी बरणी
फॉर्मालिनचा उग्र वास आला की ती रिकामी बरणी आठवते. बुलढाण्याच्या दवाखान्यात देऊळघाटच्या एका तरुणाच्या आतड्यातली गाठ मी कापून काढली होती; तशा गाठींवर माझं संशोधन चाललं होतं आणि ती फॉर्मालिनच्या बरणीत बुडवून तपासणीसाठी तेव्हाच्या प्रांताच्या राजधानीला, नागपूरला पाठवायची होती. सकाळी पाहतो तर बरणीत काहीच नाही. "वावरात पुरली," त्याची माय शांतपणे म्हणाली, "लेकराच्या आंगातलं मास परमुलखात काऊन जाऊ देऊ?" "अहो, पण रोग कोणता ते आता कसं कळणार?" मी ओरडलोच. "बरा झाला ना थो? मंग तुमाले अजून काय पायजे, डाक्टरसायेब?" तो खरंच बरा झाला, दरवर्षी हुरडा घेऊन येत राहिला. त्याला नेमकं काय झालं होतं, हे मात्र मला आजही सांगता येत नाही.