गोठ्यावरून आलेलं कॉटेज

पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्या सुमारास मी नारायणगावात राहून पुण्याच्या एका दैनिकाला जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या बातम्या पाठवत होतो. बाजारभाव, अपघात, बिबट्या, सप्ताह. शिवाय ग्रामीण पुरवणीत दर आठवड्याला एक चौकट असे: रोजच्या वापरातले इंग्रजी शब्द कुठून आले, याची. चौकटीखाली नाव नसे. ती मी लिहीत होतो, हे पुण्यातल्या एका उपसंपादकाशिवाय कोणालाही माहीत नव्हतं.

सुरुवातीचे शब्द खरे होते. मुंगूस आपल्याकडूनच इंग्रजीत गेलं. शाम्पू चंपीवरून, कॉट खाटेवरून. हे सगळं मी वाचनालयातल्या कोशात पाहून लिहिलं. इंग्रजी शब्द मूळचा आपलाच निघाला की पत्रं येत. लॅटिनवरून आलेल्या शब्दाला एकही पत्र येत नसे. उपसंपादकाचा निरोप आला, ‘आपल्याकडचेच द्या, वाचक खूश आहेत.’ पण आपल्याकडचे शब्द काही महिन्यांत संपत आले.

मजकुराचं पाकीट मी दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे देत असे. त्या गुरुवारी गाडी फलाटाला लागली होती, वाचनालय बंद होतं आणि माझ्याकडे शब्द नव्हता. स्टँडच्या बाकावर बसून मी लिहिलं की कॉटेज हा शब्द आपल्या गोठ्यावरून आला. जुन्नरच्या बाजूला मुक्कामाला असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने गोठ्याशेजारच्या झोपडीत पावसाळा काढला आणि मायदेशी पाठवलेल्या पत्रात तिच्यासाठी हा शब्द वापरला. अधिकारी मी तयार केला. पत्रही. कंडक्टरने घंटी मारायच्या आत पाकीट त्याच्या हातात होतं.

त्या चौकटीला आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त पत्रं आली.

राजुरीच्या पलीकडे एका वाडीवर दोनशिक्षकी शाळा होती. तिथले एक गुरुजी ही चौकट कापून वहीत चिकटवत. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, वडील अजून थोडी राखून होते. गुरुजी स्वतः इंग्रजी चाचपडत शिकले होते आणि आता त्यांना ते पहिलीला शिकवायचं होतं. तालुक्यातल्या शिक्षकांना इंग्रजीचं प्रशिक्षण देण्यासाठी एकाची निवड व्हायची होती. त्यांनी अर्ज केला होता.

निवड शिक्षकांच्या मासिक संमेलनात होती. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमत, एक जण मुलांसमोर पाठ घेई, बाकीचे मागे बसून टिपणं काढत, मग चर्चा. मी बातमीसाठी गेलो होतो. गुरुजी दारातच भेटले.

‘भाऊ, आज आमची परीक्षा हाय. बरं झालं आलात.’

पाठ चांगला झाला. त्यांनी फळ्यावर गोठा काढला, बाहेर म्हैस, शेजारी लहान घर आणि त्याखाली लिहिलं, कॉटेज. ‘बाळांनो, ह्यो शब्द आपल्या गोठ्यातून सातासमुद्रापार गेला,’ असं म्हणून त्यांनी अधिकाऱ्याची गोष्ट सांगितली. मुलं कॉटेज, कॉटेज म्हणून ओरडली. मागची एक मुलगी म्हणाली, ‘गुरुजी, आमच्यात दोन कॉटेज हायेत.’

चर्चेत जिल्ह्याहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी विचारलं, ‘गुरुजी, ही माहिती कुठल्या पुस्तकातली?’

‘पेपरात आलीय मॅडम. हे काय कात्रण.’

बाईंनी वही पाहिली. ‘हा इंग्रजीतला फार जुना शब्द आहे. इंग्रज इथे यायच्या कितीतरी आधीचा. उद्या तुम्ही दोनशे शिक्षकांना हे सांगणार?’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘राव, आता म्हशीबी इंग्रजीत हंबरत्याल!’ शिक्षक हसले. दुसरा म्हणाला, ‘आन् मेंढरांच्या वाड्याला बंगला म्हणा गुरुजी!’ हे त्यांच्या घराण्यावरून होतं. तेव्हा हसणारे थोडे कमी होते, पण होते.

गुरुजी माझ्याकडे वळले. ‘पेपरवाले भाऊ हितंच हायेत की. भाऊ, तुमी सांगा. तपासल्याबिगर छापत न्हाईत ना?’

मी दिलेलं उत्तर मला शब्दशः आठवतं. ‘ते पुण्याच्या डेस्कवरून येतं. माझ्याकडे फक्त बातम्या असतात. विचारून सांगतो.’

कागदाकडे पाहत मी पुढची टिपणं घेऊ लागलो. गुरुजी खाली बसले. निवड दुसऱ्या शिक्षकाची झाली. माझी बातमी चार ओळींची होती. ‘पाठावर उद्बोधक चर्चा झाली,’ असं मी तीत लिहिलं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण शुद्धीत, मी दोन ओळींचा खुलासा लिहिला. तो पाठवला असता तर उपसंपादकाने अधिकाऱ्याच्या पत्राचा आधार मागितला असता. मग बातम्यांचं कामही गेलं असतं. खुलासा पाकिटात घातला नाही.

पंधरा दिवसांनी मी त्या वाडीवरून जात होतो. शाळेच्या ओसरीवरचा फळा रस्त्यावरून दिसायचा. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: ‘कॉटेज हा शब्द गोठ्यावरून आलेला नाही. मी तुम्हाला चुकीचे शिकवले. वहीत दुरुस्त करा.’ खाली गुरुजींची सही होती. चार-पाच मुलं मांडी घालून ते उतरवून घेत होती.

मी मोटरसायकल थांबवली, बंद केली नाही. गुरुजी बाहेर आले.

‘वाचलं का भाऊ? पोरांच्या डोक्यात चुकीचं ऱ्हायला नको.’

‘चूक तुमची नव्हती,’ मी म्हणालो. यापुढे एक वाक्य होतं. ते मी उच्चारलं नाही.

‘शिकवलं तर मीच ना. च्या घेता का?’

‘घाई आहे.’

‘बरं. डेस्कवाल्यांना इचारलं व्हतं का तुमी?’

‘विचारलं. त्यांच्याकडून नजरचुकीनं गेलं म्हणाले.’

त्यांनी मान डोलावली. राग नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. ‘व्हतं आसं. त्यांनाबी लई काम आसतं. माझ्यामुळं कुनाला बोलणी बसू देऊ नका, येवढं सांगा त्यांना.’

‘सांगतो,’ मी म्हणालो आणि गाडी गिअरमध्ये टाकली.