कोर्ट नंबर तीनचे मामा

मंगळवारी दुपारी दोन वाजता माझे वडील टेनिस कोर्टवर पडले. तीन वाजता डॉक्टरांनी ते गेल्याचं सांगितलं. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक चिकटवत होते.

हडपसरच्या पुढे, आमच्या गावाच्या गायरानावर, आता टेनिस संकुल उभं आहे. स्टेडियम, काचेचा कॅफे, मातीची कोर्टं. ती माती वडिलांनी बावीस वर्षं राखली. पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, रेघा आखायच्या. माती पुरेशी ओली आहे की नाही, हे ते अनवाणी उभं राहून ओळखत.

सभासद त्यांना मामा म्हणत. पुण्यात शिपाई मामा, वॉचमन मामा, माळीही मामा. नाव विचारावं लागत नाही, आणि ऐकायला प्रेमळ वाटतं. लहानपणी मला वाटायचं, केवढा मान आहे यांना.

त्या आठवड्यात स्पर्धा होती. ऊन उतरल्यावर रोलर फिरवू, असं वडील म्हणाले होते. पण चारला पाहुणे येणार होते, म्हणून क्लबच्या ऑफिसने त्यांना दुपारीच कोर्टवर धाडलं. हे आम्हाला सलीमभाईंनी सांगितलं. ते वडिलांचे सोबती. रोलरच्या दांड्याला दुसरा हात त्यांचाच होता.

चौथ्या दिवशी क्लबने शोकसभा ठेवली. आई आणि मी गेलो. फलकावर वडिलांचा फोटो, खाली ‘आमचे लाडके मामा’. एक बाई बोलल्या की मामा गेले आणि तीन नंबरच्या कोर्टवर बॉल नीट उसळेनासा झालाय. मागे कुणीतरी हसलं. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले.

नंतर सेक्रेटरींनी आम्हाला ऑफिसात बसवलं. सलीमभाई चहा घेऊन आले आणि दाराशी थांबले. सेक्रेटरींनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला, नुसती औपचारिकता आहे म्हणाले. मी सावकाश वाचते. आईला ऐकू जाईल असा सावकाशच वाचला. सकाळपासून घरीच छातीत दुखत होतं. येऊ नका सांगूनही ते कामावर आले. कुटुंबाची क्लबबद्दल कसलीही तक्रार नाही. आम्ही काय सांगणार, ते आमच्या आधी लिहून तयार होतं. एकच जागा कोरी होती.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “मामांचं पूर्ण नाव काय हो?”

बावीस वर्षं.

माझी आई नवऱ्याचं नाव घेत नसे. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात ती माझ्याकडे बोट दाखवायची आणि मी सांगायचे. लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. त्या खोलीत तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“किसन लक्षुमण कांबळे,” आई म्हणाली. “लिवून घ्या. आन् ते तुमच्या मातीत पडले. घरी त्यांना कायबी झालं न्हवतं.”

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. “तुम्ही शिकलेल्या आहात. आईंना जरा समजावून सांगा.”

शिकलेली. कॉलेजात कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी म्हणायचे, स्पोर्ट्स क्लबमध्ये असतात. पुढचं कुणी विचारू नये म्हणून लगेच पुस्तकात डोकं घालायचे. मामा म्हणणाऱ्यांनी त्यांचं नाव पुसलं, मी त्यांचं काम पुसलं. शिक्षणाचा एवढाच उपयोग मी तोवर केला होता.

“सही करणार नाही,” मी म्हणाले. “कुठे पडले, कुणी पाठवलं, हे मी लिहीन.”

“जरूर लिहा,” ते म्हणाले. “साक्षीदार तेवढा आणा.” आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. सलीमभाईंची नजर फरशीवर होती. त्यांच्या घरी चार माणसं आहेत, नोकरी हीच. मला राग आला, अजून येतो. पण तो त्यांच्यावर नाही.

एक पान लिहायला मला चार दिवस लागले. खोडलं, पुन्हा लिहिलं. किसन लक्ष्मण कांबळे. कोर्ट क्रमांक तीन. दुपारी दोन. कामावर असताना, कामावर धाडल्यामुळे. खाली आईने सही केली, मग मी.

अर्ज कामगार खात्यात दिला आहे. साक्षीदार मिळालेला नाही. अर्ज मागे घ्या, असा निरोप दोनदा आला. मी मागे घेतलेला नाही. घेणार नाही.