मारियामातेला चोळलेलं तेल

नव्वद सालाच्या सुमारास जुन्नरकडच्या आमच्या लहान चर्चमागं दोन खोल्यांत जुन्या वस्तू मांडल्या होत्या. झाडायला, पुसायला मी होते. सगळ्यांत जुनी मारियामातेची लाकडी मूर्ती. एका सकाळी तिच्या पायाशी बारीक भुसा पडलेला दिसला, म्हणजे कीड लागली होती. आमच्या घरी कीड लागू नये म्हणून पेरणीच्या लाकडी पाभरीला करंजाचं तेल चोळायचे. तसंच मी मूर्तीला चोळलं. फडकं निळं झालं. मातेच्या लाकडावर रंगवलेल्या शालीचा रंग उतरला होता.

फडकं लपवता आलं असतं. मी ते फादरांपुढं ठेवलं. "शाल मी पुसली. उद्यापासनं येऊ का नको, ते सांगा."

फादरांनी वाकून मूर्तीच्या पायाशी पडलेला भुसा बघितला. "मावशी, कीड मला दिसलीच नव्हती. तुम्ही रोज या, पण तेल घरीच ठेवा." मग त्यांनी पुठ्ठा दिला. "तुम्हीच लिहा, म्हणजे लक्षात राहील."

चौथीतल्या अक्षरात मी लिहिलं, 'तेल लावू नये,' आणि पुठ्ठा मूर्तीपाशी ठेवला.

पुढं कितीतरी वर्षं बाकीच्या वस्तूंबरोबर तो पुठ्ठाही मीच पुसला. आता गुडघे चालत नाहीत, पण करंजाच्या तेलाचा वास आला की पाभर नाही, ती निळी शालच आठवते.